खुर्ची मिळाली, आता शिकायचं कसं? मराठवाड्यातल्या रुग्णालय-प्रमुखांसाठी वर्षभराची वाट

एमबीबीएसच्या साडेचार वर्षांत ड्युटी तक्ता कसा लावायचा हे मला कुणी शिकवलं नाही. इंटर्नशिपमध्येही नाही. तीस खाटांच्या एका ग्रामीण रुग्णालयाचा चार्ज घेतला, तेव्हा टेबलावर आलेला पहिला कागद रजेचा अर्ज होता. एक नव्हे, दोन. एकाच आठवड्यातले, दोन्ही सिस्टरांच्या घरी लग्न. मी दोघींनाही हो म्हटलं. त्या आठवड्यात रात्रपाळीला प्रसूतिकक्ष आणि वॉर्ड मिळून एकच सिस्टर उरली. तिने तीन रात्री कशा काढल्या ते मला चौथ्या दिवशी कळलं, आणि तेही तिच्याकडून नाही, वॉर्डातल्या मावशींकडून.

पुढे मी रुग्णालय व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम केला. त्याचा उपयोग झाला, कारण तोवर माझ्याजवळ प्रश्न साठले होते. माझ्याबरोबर शिकणाऱ्या काहींनी चार्ज मिळण्याआधीच तो उरकला होता, त्यांना आता त्यातलं फारसं आठवत नाही. म्हणून ही वाट मी मुद्दाम या क्रमाने सांगते आहे: आधी आपला दवाखाना, मग सोबतचे लोक, मग कोर्स. वैद्यकीय अधीक्षक, तालुका आरोग्य अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्राचे (पीएचसीचे) वैद्यकीय अधिकारी, मेट्रन म्हणजे मुख्य परिचारिका, खासगी रुग्णालयाचे मॅनेजर, सगळ्यांना थोड्याफार फरकाने ती लागू पडेल.

पायरी पहिली: पंधरा दिवस नुसतं लिहा

शंभर पानी वही घ्या. दर तासाला एक ओळ: काय केलं, कुणासाठी केलं. मोबाईलवर लिहू नका, मोबाईल उघडला की व्हॉट्सॲपचे ग्रुप तुम्हाला ओढून नेतात. संध्याकाळी प्रत्येक ओळीपुढे एक खूण करा. ‘मी’ म्हणजे हे माझ्याशिवाय होणार नव्हतं. ‘दुसरा’ म्हणजे हे कुणीही करू शकलं असतं. ‘नको’ म्हणजे झालं नसतं तरी रुग्णाचं काही अडलं नसतं.

पंधरा दिवसांनी वही चाळली की बहुतेकांना धक्का बसतो. मला बसला. माझा दिवस सह्या, व्हीसी (व्हिडिओवरच्या बैठका) आणि जिल्ह्याला जाणारे तेच ते रिपोर्ट यांत जात होता, आणि प्रसूतिकक्षात मी दिवसातून एकदाच डोकावत होते. यातून एक यादी करा: कोणती सही नियमानेच तुमची आहे (पैशांचे अधिकार, पोलीस-कोर्टाशी संबंधित मेडिको-लीगल कागद, रजा मंजुरी) आणि कोणती केवळ सवयीने तुमच्याकडे येते. दुसऱ्या प्रकारच्या सह्या लेखी आदेश काढून वाटून द्या. तोंडी वाटलेलं काम पहिल्या चुकीला परत तुमच्या टेबलावर येतं.

आणखी एक गोष्ट वहीत टिपा: दिवसात आवाज कधी चढला आणि कुणावर. ही नोंद कुणाला दाखवायची नाही, पण टाळायचीही नाही.

पायरी दुसरी: एकच प्रश्न निवडा आणि मोजा

नवा अधिकारी आला की पहिल्या महिन्यात दहा आघाड्या उघडतो: स्वच्छता, हजेरी, रेकॉर्ड, बाग, रंगरंगोटी. तिसऱ्या महिन्यात सगळं पूर्ववत होतं, आणि कर्मचारी पुढच्या साहेबाची वाट बघायला लागतात. त्यापेक्षा एक प्रश्न घ्या. तो रुग्णाला रोज जाचणारा असावा, आठवड्याभरात मोजता येण्यासारखा असावा, तुमच्या अधिकारात सुटणारा असावा आणि किमान दोन विभागांना एकमेकांशी बोलायला लावणारा असावा. शेवटची अट महत्त्वाची आहे. नेतृत्व शिकायचं ते तिथेच शिकायला मिळतं.

‘स्टाफ कमी आहे’ हा प्रश्न घेऊ नका. तो खरा आहे, मराठवाड्यात तर फारच खरा आहे, आणि त्याचा लेखी पाठपुरावा दर महिन्याला करायलाच हवा. पण रिक्त पद भरणं तुमच्या हातात नाही, आणि जे हातात नाही त्यावर शिकता येत नाही.

एक उदाहरण सविस्तर सांगते. आमच्याकडे बाजाराच्या दिवशी ओपीडी तुडुंब असायची. माणसं सकाळच्या एसटीने यायची, केसपेपर काढायची, डॉक्टरांपुढे बसायची, रक्त तपासायला जायची आणि मग रिपोर्ट न घेताच निघून जायची. आम्ही त्यांना बेफिकीर म्हणत होतो. एका बाजाराच्या दिवशी वीस रुग्णांच्या हातात कोरी चिठ्ठी दिली आणि प्रत्येक खिडकीवर फक्त वेळ लिहायला सांगितलं: केसपेपर, डॉक्टर, लॅब, रिपोर्ट, पुन्हा डॉक्टर, औषध. चिठ्ठ्या संध्याकाळी टेबलावर पसरल्या. लॅबचे रिपोर्ट एकदमच, जेवणाच्या सुट्टीनंतर निघत होते. आणि लांबच्या वाड्यांकडे जाणारी एसटी त्याच सुमारास सुटत होती. ती चुकली की संध्याकाळपर्यंत दुसरी नाही. माणसं बेफिकीर नव्हती, त्यांना घरी पोचायचं होतं.

लॅब टेक्निशियन, केसपेपरचा क्लार्क आणि ओपीडीची सिस्टर या तिघांना चहाला बसवलं. चिठ्ठ्या त्यांच्यासमोर ठेवल्या आणि गप्प राहिले. हे गप्प राहणं मला फार जड गेलं, कारण उत्तर माझ्या ओठांवर होतं. ते टेक्निशियननेच सुचवलं, माझ्यापेक्षा चांगलं: एसटीने आलेल्यांच्या केसपेपरवर कोपऱ्यात खूण करायची, त्यांचं रक्त आधी घ्यायचं आणि पहिली बॅच जेवणाआधी काढायची. आम्ही हे फक्त एका बाजाराच्या दिवशी, एकाच डॉक्टरांच्या ओपीडीत करून पाहिलं. खूण करायला क्लार्क विसरत होता, म्हणून पुढच्या आठवड्यात शिक्का केला. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा वीस चिठ्ठ्या वाटल्या.

योजना, करून पाहणं, मोजणं, दुरुस्त करणं हे चक्र गुणवत्तेच्या प्रत्येक पुस्तकात असतं. पण एकदा स्वतःच्या ओपीडीत ते फिरवल्याशिवाय अंगवळणी पडत नाही. म्हणून छोटं घ्या, एका दिवसापुरतं घ्या, आणि आधी व नंतर दोन्ही वेळा मोजा. आधी न मोजता केलेली सुधारणा नंतर कुणालाच दाखवता येत नाही, स्वतःलाही नाही.

पायरी तिसरी: चेकलिस्ट पाठ्यपुस्तकासारखी वाचा

सरकारी रुग्णालयांसाठी राष्ट्रीय गुणवत्ता मानकं २०१३पासून आहेत, आपण त्यांना एनक्यूएएस म्हणतो. त्यात आठ भाग आहेत: सेवांची उपलब्धता, रुग्णांचे हक्क, साधनसामग्री, सहायक सेवा, वैद्यकीय काळजी, संसर्ग नियंत्रण, गुणवत्ता व्यवस्थापन आणि परिणाम. प्रत्येक मुद्द्याला शून्य, एक किंवा दोन गुण. प्रमाणपत्राला ७० टक्के लागतात, म्हणून बहुतेक ठिकाणी ही चेकलिस्ट तपासणीच्या आधी पंधरा दिवस रात्री जागून भरली जाते.

तिचा खरा उपयोग वेगळा आहे. प्रत्येक मुद्दा कसा तपासायचा हे त्यात दिलेलं असतं: डोळ्यांनी पाहून, कर्मचाऱ्याला विचारून, रेकॉर्ड उघडून किंवा रुग्णाशी बोलून. राऊंड कसा घ्यावा याचं इतकं चांगलं शिक्षण मला दुसरीकडे मिळालं नाही. आठवड्याला एक भाग घ्या, एका विभागात जा आणि स्वतः गुण द्या. सोबत दुसऱ्या विभागाच्या इन्चार्ज सिस्टरला न्या आणि तिलाही स्वतंत्र गुण द्यायला सांगा. दोघींचे गुण जिथे जुळत नाहीत तिथे थांबा, चर्चा तिथेच करायची असते. खासगी रुग्णालयात असाल तर एनएबीएच या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या प्राथमिक पातळीच्या मानकांवर हेच करता येतं.

रेकॉर्डवर विश्वास ठेवून पुढे जाऊ नका. अग्निशमन यंत्राची तारीख वहीत बरोबर असते, पण खिडकी उघडते का हे हाताने बघावं लागतं. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१च्या पहाटे नवजात कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. त्यानंतर मी प्रत्येक राऊंडला एक प्रश्न न चुकता विचारते: या दाराची किल्ली आत्ता, या क्षणी कुणाच्या खिशात आहे?

कचऱ्याचंही तसंच. पिवळी, लाल, पांढरी, निळी ही रंगांची घोकंपट्टी सगळ्यांना येते. ४८ तासांच्या वर कचरा ठेवायचा नाही हेही माहीत असतं. गाडी आली नाही तर कुणाला फोन करायचा, हे मात्र रात्रपाळीच्या मामांना ठाऊक नसतं. नंबर भिंतीवर लिहा.

पायरी चौथी: बोलायला आणि ऐकायला शिका

सगळ्यात अवघड हेच, आणि यालाच सगळ्यात कमी वेळ दिला जातो. आपल्याकडे ‘साहेब’ खोलीत आले की सगळे उभे राहतात आणि कुणी बोलत नाही. त्या मावशींनी मला चौथ्या दिवशी सांगितलं, पहिल्या रात्री नाही, याचं कारण मावशी नव्हत्या, मी होते.

काही सवयी लावून घेतल्या, त्या टिकल्या.

मासिक बैठकीत सर्वात कनिष्ठ माणसाने आधी बोलायचं: मामा, मावशी, मग एएनएम, सिस्टर, डॉक्टर आणि शेवटी मी. पहिल्या दोन बैठकांत कुणीच काही बोललं नाही. तिसऱ्या बैठकीत एका मामांनी सांगितलं की स्ट्रेचरचं एक चाक सहा महिन्यांपासून फिरत नाही. चाक त्याच दिवशी बदललं. चौथ्या बैठकीत बोलणाऱ्यांची रांग लागली.

दुसरी सवय ‘थोडक्यात टळलं’ नावाची वही. चुकीचं इंजेक्शन भरलं पण देण्याआधी लक्षात आलं, रक्ताच्या नळीवर दुसऱ्याचं नाव पडलं, ऑक्सिजनचा सिलिंडर बदलायला उशीर झाला, असं काहीही. नाव लिहायचं नाही, सही नाही, आणि या वहीतल्या नोंदीवरून कुणालाही मेमो द्यायचा नाही. हा शब्द एकदा मोडलात तर वही कायमची कोरी राहते.

तिसरी सवय सिस्टरांच्या ओव्हरच्या वेळी, म्हणजे पाळी बदलताना, आठवड्यातून एकदा नुसतं शेजारी उभं राहणं. ओव्हर देताना काय सुटतं ते तिथे दिसतं. ‘सात नंबर बरा आहे’ एवढंच सांगितलं जातं, पण सात नंबरची लघवी सकाळपासून झालेली नसते.

रागवायचं झालं तर खोलीत बोलवून, दार लोटून, घडलेल्या एकाच गोष्टीबद्दल बोला. ‘तुम्ही नेहमी असंच करता’ हे वाक्य उच्चारलं की समोरचं माणूस ऐकणं बंद करतं. कौतुक मात्र सगळ्यांसमोर आणि नेमकं करा: कोणत्या रात्री, कोणत्या रुग्णासाठी, काय केलं.

आणि मृत्यूनंतरचं बोलणं. गावाकडून दोन जीप भरून माणसं आलेली असतात, आणि वॉर्डात सर्वात नवीन डॉक्टरला पुढे केलं जातं. असं कधीही करू नका. तुम्ही स्वतः जा. नातेवाईकांतलं एक वडीलधारं माणूस शोधा, त्यांना बसवा, पाणी द्या, ‘गेले’ हा शब्द स्पष्ट उच्चारा आणि मग त्यांना बोलू द्या. आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांसाठी महाराष्ट्रात २०१०चा कायदा आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि तो तुमच्या कर्मचाऱ्यांना माहीत असायला हवा. पण कायदा हल्ला झाल्यावर कामाला येतो. हल्ला टळतो तो बहुतेक वेळा आधीच्या चार तासांत कुणी नातेवाइकांशी नीट बोललं होतं की नाही यावर. वर्षातून दोनदा याची तालीम करा, एकाने डॉक्टर व्हायचं आणि दुसऱ्याने मुलगा गेलेला बाप. पहिल्या तालमीत सगळे लाजतात, तरी करा.

पायरी पाचवी: कुंपणाबाहेरचं काम

मराठवाड्यात आरोग्याचा व्यवस्थापक रुग्णालयाच्या भिंतीत राहून पुरा पडत नाही. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी जोडपी निघतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात आणि कारखाने बंद झाले की परततात. बरोबर गरोदर बायका, सहा महिन्यांची बाळं. तुमच्या रजिस्टरला त्या ‘गैरहजर’ दिसतात.

हा नेतृत्वाचा उत्तम धडा आहे, कारण इथे तुमचा हुकूम चालत नाही. गणपती उठले की आशाताई आणि त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक यांच्याबरोबर बसून जाणाऱ्या कुटुंबांची यादी करा. टोळी कुणाची, मुकादम कोण, कारखाना कोणता ते लिहा. जाण्याआधी तपासणी, लोहाच्या गोळ्या आणि राहिलेले डोस पुरे करा. माता-बाल सुरक्षा कार्ड कपड्यांच्या बोचक्यात गेलं पाहिजे, घराच्या कोनाड्यात नाही. मग त्या कारखान्याच्या तालुक्यातल्या आरोग्य अधिकाऱ्यांना स्वतः फोन करा. ते तुमच्या हाताखाली नाहीत, तुमच्या जिल्ह्यातही नाहीत. विनंती करून, यादी पाठवून, पुन्हा विचारून काम करून घ्यायचं. मुकादमाशीही बोलावं लागतं. हे एकदा केलेल्या माणसाला पुढे पंचायत समिती असो की पोलीस ठाणे, कुठेच बोलायला अवघड जात नाही.

दुसरा धडा पाण्याचा. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, हे आपल्यापैकी कुणीच विसरलेलं नाही. डायलिसिसच्या एका सत्रात मिनिटाला साधारण ५०० मिलिलिटर या वेगाने चार तासांत १२० लिटर शुद्ध पाणी मशीनमधून जातं, आणि आरओ यंत्र बाहेर टाकतं ते वेगळं. दिवसाला किती सत्रं, टाकी केवढी, टँकर किती वेळात येतो, हे गणित फेब्रुवारीतच कागदावर मांडा. हा हिशेब कुठल्याही विभागप्रमुखाकडून करून घ्या. पुढचा विचार करण्याची सवय भाषणाने लागत नाही, अशा हिशेबाने लागते.

रेफरचाही पाठपुरावा ठेवा. घाटीला (छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी रुग्णालयाला), अंबाजोगाईला किंवा लातूरला पाठवलेल्या रुग्णाचं पुढे काय झालं, हे दर शनिवारी एक फोन करून विचारायचं. आपण उशीर केला होता का, हे त्या एका फोनवर कळतं.

पायरी सहावी: पाच जणांचा गट

प्रमुखाला एकटेपणा असतो. हाताखालच्यांपुढे शंका बोलता येत नाही, वरिष्ठांपुढे तर नाहीच. त्यावर उपाय म्हणजे शेजारच्या तालुक्यांतले चार-पाच जण गाठायचे: एक अधीक्षक, एक मेट्रन, एक खासगी रुग्णालयाचा मॅनेजर, असे मिसळून. महिन्यातून एका रविवारी, आळीपाळीने एकेकाच्या दवाखान्यात.

पद्धत साधी आहे. एकाने आपला चालू प्रश्न दहा मिनिटांत मांडायचा. पुढची वीस मिनिटं इतरांनी फक्त प्रश्न विचारायचे, सल्ला द्यायचा नाही. शेवटी मांडणाऱ्याने सांगायचं की पुढच्या महिन्यापर्यंत तो काय करून पाहणार आहे, आणि पुढची भेट तिथूनच सुरू होते. ब्रिटनमध्ये रेग रेवान्स यांनी ही रीत आधी कोळसा खाणींच्या व्यवस्थापकांत रुजवली आणि १९६०च्या दशकात लंडनच्या रुग्णालयांत नेली.

पण इतक्या लांब जायचीही गरज नाही. बीडच्या सीमेला लागून असलेल्या जामखेडमध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७०पासून गावातल्या, अनेकदा निरक्षर, बायकांना आरोग्यसेविका म्हणून घडवलं. त्या दर आठवड्याला केंद्रावर यायच्या, शिकायच्या, गावी जाऊन करायच्या आणि अडलेलं घेऊन पुन्हा यायच्या. एकदाच पंधरा दिवसांचं शिबिर घेऊन त्यांना सोडून दिलं नाही. आपली प्रशिक्षणं बहुतेक शिबिरासारखी होतात: जिल्ह्याला जायचं, फाईल घ्यायची, जेवायचं, परत यायचं. प्रशिक्षणाहून आलेल्या माणसाला मी एकच विचारते: सोमवारी काय वेगळं करणार? आणि त्या सोमवारी जाऊन बघते.

पायरी सातवी: आता कोर्स

सात-आठ महिने झाले, वहीत प्रश्न साठले, की अर्ज भरा. इग्नूची रुग्णालय व आरोग्य व्यवस्थापनातली पदव्युत्तर पदविका नोकरी सांभाळून करता येते. दिल्लीची राष्ट्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण संस्थाही दूरशिक्षणाने रुग्णालय व्यवस्थापन शिकवते. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं संकुल तुळजापूरला आहे, पण तिची रुग्णालय प्रशासनाची पदव्युत्तर पदवी मुंबईच्या संकुलात होते, यात घोळ होऊ नये. सरकारी नोकरीत असाल तर आय-गॉट कर्मयोगीवर, नसाल तर स्वयम्‌वर छोटे अभ्यासक्रम आहेत. पात्रता आणि फी दरवर्षी संस्थेच्या सूचनापत्रात बघा, मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका.

निवडताना तीनच गोष्टी विचारा. प्रकल्प स्वतःच्या रुग्णालयात करता येतो का? तो वाचून शेरा देणारं कुणी आहे का? मी वहीत लिहिलेल्या प्रश्नांपैकी किती या अभ्यासक्रमात येतात? डॉक्टरांना नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट लागतात, ते डॉक्टरांच्या कॉन्फरन्समधून मिळतील. व्यवस्थापनाचा कोर्स पॉइंटसाठी करू नका.

हिशेबाचं शिक्षण मात्र कोर्सची वाट न बघता सुरू करा. आठवड्याला एक तास लेखा विभागातल्या बाबूंजवळ बसा. रुग्ण कल्याण समितीचं खातं, लेखाशीर्षं (कोणता खर्च कोणत्या सदरात टाकायचा) आणि औषध भांडारात ज्याची मुदत आधी संपते ते आधी बाहेर काढण्याची पद्धत एवढं समजलं, तरी मार्चअखेर तुमची झोप उडत नाही.

पायरी आठवी: मागच्याला तयार करा

मे महिन्यात बदल्या होतात. तुमचीही होईल. म्हणून नवव्या महिन्यापासून दोन माणसं निवडा, शक्यतो एक सिस्टर आणि एक डॉक्टर. त्यांना मासिक बैठक चालवायला द्या आणि तुम्ही मागे बसा. चुकले तर मध्ये बोलू नका, नंतर बोला. दुसऱ्या पायरीतला पुढचा प्रश्न त्यांनाच निवडू द्या, तुम्हाला तो क्षुल्लक वाटला तरी.

आणि चार्ज देताना फक्त साहित्याची यादी देऊ नका. दहा पानांची वेगळी वही लिहा: कोणता प्रयोग कुठपर्यंत आला, कोणता फसला आणि का, कोणत्या गावचा सरपंच मदतीला येतो, बाजाराच्या दिवशी लांबच्या वाड्यांची एसटी किती वाजता सुटते, जनरेटर पहिल्या झटक्यात चालू झाला नाही तर कोणत्या मामांना उठवायचं, आणि नवजात कक्षाच्या मागच्या दाराची दुसरी किल्ली कुठे टांगलेली आहे.